जीप निवडणारा माणूस : कैलासचंद्र महिंद्रा

गाडी कोणती घ्यावी, या विषयावर मेकॅनिकलच्या वर्गात कधीही वाद लावता येतो. डिफेंडर की जी-वॅगन? फॉर्च्युनर की थार? रोज शहरात चालवायला कोणती आणि डोंगरात, चिखलात न्यायला कोणती? खिशात एसटीच्या पासपुरते पैसे असतात, पण वाद मात्र कोटींचा चालतो. मित्रांनो, हा वाद आपल्या आधी एका माणसाने खऱ्या अर्थाने सोडवला होता. त्याच्यासमोर अमेरिकेतल्या सगळ्या आलिशान गाड्या होत्या आणि त्याने निवडली ती दरवाजे नसलेली, कॅनव्हासच्या टपाची एक साधी जीप. त्या माणसाचं नाव कैलासचंद्र महिंद्रा. बोनेटवरचं नाव आपण सगळे वाचतो, पण त्यामागचा माणूस फार थोड्यांना माहीत असतो. म्हणून हा लेख.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. नऊ भावंडांत ते दुसरे. थोरले जगदीशचंद्र त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरल्यावर आला. आपल्याकडेही अशी घरं आहेत, जिथे मोठा भाऊ नोकरीला लागतो आणि त्याच्या पगारावर धाकटे शिकतात. भावंडांच्या शिक्षणाबाबत जगदीशचंद्रांनी कधी तडजोड केली नाही. ते स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. म्हणजे आज आपण ज्याच्या कटऑफकडे पाहून उसासे टाकतो तेच व्हीजेटीआय! पुढे ते टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागात मोठ्या पदावर गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशाचे पहिले स्टील कंट्रोलर झाले.

कैलासचंद्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकले आणि तिथून केंब्रिजला गेले. तिथे ऑनर्स मिळवलं, शिवाय हॉकी खेळले आणि नदीत होड्याही वल्हवल्या. त्यांना लिहिण्याचीही आवड होती. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीचे सर राजेंद्रनाथ मुखर्जी, ज्यांच्या कंपनीने व्हिक्टोरिया मेमोरियल बांधलं, त्यांचं चरित्र कैलासचंद्रांनी लिहिलं आहे. एका भारतीय इंजिनिअर-उद्योजकाचं आयुष्य त्यांनी इतक्या जवळून अभ्यासलं, ते पुढे स्वतःच्या कामाला आलं असणार, असं मला वाटतं.

खरी गोष्ट सुरू होते १९४२ साली. युद्ध पेटलेलं होतं आणि भारतासाठी अमेरिकेतून सामान खरेदी करणाऱ्या इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून कैलासचंद्रांना अमेरिकेला पाठवण्यात आलं. तिथे त्यांची भेट बार्नी रूस या इंजिनिअरशी झाली. रूस हे विलीज-ओव्हरलँड कंपनीचे चीफ इंजिनिअर.

आता इथे थोडं थांबून जीपची जन्मकथा सांगायलाच हवी, कारण ती आपल्या डिझाइनच्या पेपरला शोभेल अशी आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना कळवलं की आम्हाला चारही चाकांना ताकद असलेली एक हलकी गाडी हवी आहे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत पाहिजे. इतक्या थोड्या वेळात नमुना दिला तो बँटम या छोट्याशा कंपनीने. विलीजची गाडी मागून आली, पण तिचं इंजिन सगळ्यात जोरदार होतं. २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. अडचण एकच होती. सैन्याने वजनाची मर्यादा २१६० पाउंड, म्हणजे सुमारे ९८० किलो ठेवली होती आणि विलीज त्यात बसत नव्हती.

रूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. इंजिन बदलून हलकं टाकायचं किंवा इंजिन तेच ठेवून बाकीच्या गाडीतून किलो-किलो कमी करायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. असं सांगतात की जास्तीचे बोल्ट कापून आखूड केले आणि रंगाचा हातसुद्धा एकच दिला. इंजिन मात्र सोडलं नाही, कारण चिखलातून गाडी ओढून काढणार ते इंजिनच. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

कैलासचंद्रांनी अमेरिकेत ही गाडी पाहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भारतातले रस्ते असले पाहिजेत. पक्के रस्ते थोडे, बाकी सगळे बैलगाडीचे. नदीवर पूल नाहीत. पावसाळ्यात अर्धी गावं तुटलेली. अशा देशात चकचकीत सेडान आणून काय करणार?

१९४५ साली दोघे भाऊ मुंबईला आले आणि २ ऑक्टोबर १९४५ रोजी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. मुंबईत त्या वेळी मोटारींची हवा होती. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून क्रायस्लर कंपनीशी करार केला होता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स मॉरिसच्या गाड्यांकडे वळली होती. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता ते मोटारकारच्या मागे होते. महिंद्रा बंधूंनी जीप धरली.

मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर-जनरलही झाले. इथे कंपनीच्या नावातला एक एम रिकामा झाला. १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा असं करण्यात आलं. छापून ठेवलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून एम अँड एम ही अक्षरं ठेवली, असा किस्सा सांगतात. नाव सहज बदललं, पण भागीदार, भांडवल आणि देश एकाच वर्षी दुभंगला असताना कंपनी टिकवणं सोपं नव्हतं.

१९४७ सालीच विलीजकडून ७५ जीप सुट्या भागांत आल्या. तेव्हा आपलं माजलगाव निजामाच्या राज्यात होतं, हेही लक्षात घ्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. पुढे १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली, गट विकास अधिकारी आले आणि त्यांच्यासोबत जीप आली. तहसील, पोलीस, फॉरेस्ट, सैन्य, सगळीकडे जीपच. कित्येक खेड्यांनी पहिल्यांदा जी मोटार पाहिली ती जीप. धुळीचा लोट दिसला की पोरं ओरडत मागे पळायची, असं आपले आजोबा आजही सांगतात.

थोरले जगदीशचंद्र १९५१ मध्ये वारले. आता सगळी जबाबदारी कैलासचंद्रांवर होती. त्याच सुमारास सरकारचं धोरण बदललं. नुसत्या सुट्या भागांची जोडणी नको, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा, नाहीतर जा, असा त्याचा अर्थ होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड या जगातल्या मोठ्या कंपन्यांनी भारतातला गाशा गुंडाळला. महिंद्रा राहिले आणि एकेक भाग इथे बनवू लागले. उंच बोनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे तिच्या आवृत्त्या नंतरही कितीतरी वर्षं बनत राहिल्या. आपल्या स्टँडवर काळी-पिवळी म्हणून उभ्या राहायच्या त्या कमांडर आणि मार्शल तिच्याच घरातल्या. नऊ जणांच्या गाडीत सोळा जण बसवून गावोगाव जाणाऱ्या त्या गाड्यांनी किती जणांची शाळा, दवाखाना आणि लग्नं सांभाळली, त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

जीपची दुसरी शाखा मात्र श्रीमंतांकडे गेली. इंग्लंडमध्ये रोव्हर ही मोठ्या लोकांच्या मोटारी बनवणारी कंपनी. तिथले मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर सैन्याची जुनी विलीज वापरत. ती मोडली तर दुसरी काय घ्यायची, या प्रश्नातून १९४८ मध्ये लँड रोव्हर जन्मली. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर केलेला होता. मग १९७० ला रेंज रोव्हर आली, १९७९ ला मर्सिडीजची जी-वॅगन, १९९९ ला बीएमडब्ल्यू एक्स-५, २००२ ला पोर्शे कायेन आणि अलीकडे चार कोटींच्या पुढची लॅम्बोर्गिनी उरूस. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०२४ पासून रेंज रोव्हर आपल्या पुण्यात जोडली जाऊ लागली. शेतावरच्या गाडीचं नातवंड महालात राहायला गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या वादाकडे येऊ. यातली चांगली कोणती? माजलगाव ही त्यासाठी उत्तम टेस्ट ट्रॅक आहे! गावातून कल्याण-विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्ग जातो. तिथून दोन किलोमीटर शिवारात वळा, की पाणंद रस्ता आणि सिंदफणेच्या खोऱ्यातली काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी होते. वाफसा येईपर्यंत बैलसुद्धा घालत नाहीत.

महामार्गावर उरूस किंवा कायेन राणीसारखी जाईल. बसका टायर, मोठी रिम, सहाशेच्या पुढे हॉर्सपॉवर. पण उरूसला लो-रेंज गिअर नाही आणि वजन दोन टनांवर. काळ्या चिखलात हॉर्सपॉवरचा फार उपयोग नसतो. तिथे लागतो तो कमी वेगातला टॉर्क, खोल नक्षीचा उंच टायर आणि कमी वजन. टायरच्या नक्षीत माती भरली की चारही चाकं चारही दिशांना नुसती घसरतात, मग गाडी कितीची का असेना. जी-वॅगनमध्ये लॅडर फ्रेम, लो-रेंज आणि तीन डिफरन्शियल लॉक आहेत. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे डिफरन्शियलला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही, गॅरेजवाल्यांनाही नसावं!) नवी डिफेंडर मोनोकॉक बांधणीची आहे, एअर सस्पेन्शनवर २९१ मिलिमीटर उंच उठते आणि ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते. थारचा आकडा ६५० मिलिमीटर आहे. म्हणजे कागदावर डिफेंडर पुढे. पण एअर सस्पेन्शन बिघडलं तर ते दुरुस्त करायला मोठ्या शहरापर्यंत गाडी उचलून न्यावी लागते. थारचा पाना-पकड मात्र गावातल्या गॅरेजवालाही चालवतो. आणि जो महिन्यातले अठ्ठावीस दिवस डांबरावर आणि दोन दिवस शेतात जातो, त्याला कडक सस्पेन्शनची गाडी रोज कंबर दाखवते, हेही खरं.

ऊसाचं बिल आलं की मोठी एसयूव्ही दारात उभी करायची हौस आपल्याकडे आहे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हप्त्याला असतं. बऱ्याच जणांच्या गाडीचा फोर-व्हीलचा खटका वर्षातून एकदाही टाकला जात नाही. न वापरलेल्या त्या ताकदीचे पैसे आणि डिझेल ते रोज भरतात. कैलासचंद्रांच्या निवडीतून शिकण्यासारखं आहे ते इथेच. त्यांनी आधी रस्ता पाहिला, मग काम पाहिलं, मग दुरुस्ती कोण करणार ते पाहिलं आणि शेवटी गाडी निवडली. आपण बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात करतो.

त्यांचं काम फक्त जीपपुरतं नव्हतं. १९४६ मध्ये सरकारने नेमलेल्या कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते. १९५३ मध्ये त्यांनी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट काढला. परदेशात पुढचं शिक्षण घेणाऱ्यांना हा ट्रस्ट बिनव्याजी कर्जाच्या रूपात स्कॉलरशिप देतो. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमा करणाऱ्या गरजू मुलामुलींसाठीही १९९५ पासून त्याची वेगळी स्कॉलरशिप आहे. थोरल्या भावाच्या कष्टावर शिकलेल्या माणसाने हे करावं, यात मला नवल वाटत नाही.

१९६३ मध्ये कैलासचंद्र गेले. त्याच वर्षी केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने ट्रॅक्टरची कंपनीही उभी राहिली. आज आपल्या शिवारात ऊस ओढणाऱ्या लाल ट्रॅक्टरचं मूळ तिथे आहे. तो ट्रॅक्टर काही कैलासचंद्रांना पाहायला मिळाला नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी काही जण उद्या चाकण, रांजणगाव किंवा नाशिकच्या कारखान्यांत डिझाइनला बसतील. कोणी सस्पेन्शन करेल, कोणी सॉफ्टवेअर. तेव्हा प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या शहरांचे गुळगुळीत रस्तेच दाखवले जातील. आपण मात्र जुलै महिन्यातली आपली पाणंद आठवावी आणि विचारावं की ही गाडी तिथून रुग्णाला घेऊन बाहेर निघेल का?