महाधमनीचा वेध घेणारे डॉ. सेन

जासई : शेतकऱ्यांच्या १९८४ च्या जमीन आंदोलनाने महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या या गावालगत, चिर्ले येथे, अटल सेतू जमिनीला टेकतो. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा हा सागरी मार्ग खुला झाला आणि शिवडी, पर्यायाने परळचे केईएम रुग्णालय, उरणकरांच्या हाकेच्या अंतरावर आले. याच केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपली हयात घालविली.

कोलकात्यात १९१५ साली जन्मलेले सेन मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि तेथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. त्यांचे नाव निघते ते फेब्रुवारी १९६८ च्या हृदयप्रत्यारोपणामुळे. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही लोटले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला आणि देशातील यशस्वी प्रत्यारोपणासाठी १९९४ साल उजाडावे लागले. या एका प्रयोगाच्या झगमगाटात सेन यांचे महाधमनीवरील काम मात्र झाकोळले गेले, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते तेच अधिक मोलाचे होते.

हृदयातून निघून साऱ्या देहाला रक्त पुरविणारी ही मुख्य वाहिनी. तरुण वयातच, विशेषतः स्त्रियांमध्ये, ती दाहाने जाड व अरुंद होते, हातांत रक्तदाब चढलेला आणि पायांची नाडी मात्र क्षीण, असे रुग्ण केईएममध्ये येत. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे व डॉ. परुळकर आदी सहकाऱ्यांसह सेन यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या विकाराचे वर्णन 'मिडल ऑर्टिक सिंड्रोम' या नावाने केले. सीटी स्कॅन नव्हते. धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे आणि चारही अवयवांवर ठेवलेली डॉक्टरांची बोटे, एवढ्यावरच निदान होई.

बोटांची ही शिस्त आजही तातडीच्या विभागात जीव वाचवू शकते. महाधमनीचे आतले अस्तर फाटले की छातीत किंवा पाठीत एकाएकी, जणू काही चिरत गेल्यासारखी, कमालीची तीव्र वेदना होते. दोन्ही हातांच्या रक्तदाबात फरक पडतो, एखादी नाडी हरवते, कधी अर्धांगाची लक्षणेही दिसतात. ईसीजी मात्र बहुधा निर्णायक नसतो. येथेच घात होतो : हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले, तर फाटलेल्या वाहिनीतून रक्तस्राव होऊन रुग्ण प्राणास मुकू शकतो. संशय येताच रंगद्रव्यासह सीटी स्कॅन करावा लागतो. तोवर वेदना शमवून, नाडीचा वेग मिनिटाला साठच्या आसपास आणि वरचा रक्तदाब १२० च्या आत आणण्याची औषधे शिरेवाटे दिली जातात. हृदयालगतचा भाग फाटला असल्यास शस्त्रक्रिया तत्काळ हवी, कारण उपचारांविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. पुढे उतरणारा भाग फाटला, पण गुंतागुंत नसली, तर बहुधा औषधांवरच भागते.

सेन स्वस्थ बसणारे नव्हते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला पोकळीतूनच रक्त मिळते, हे हेरून त्यांनी हृदयस्नायूला सुईने छिद्रे पाडण्याचा प्रयोग केला आणि १९६५ मध्ये तो प्रसिद्धही केला. पुढे लेझरच्या साहाय्याने हीच कल्पना परदेशात पुन्हा हाताळली गेली. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.