वैऱ्याच्या दारीं गेलेला मुत्सद्दी: एलेफ्थेरिऑस व्हेनिझेलॉस

प्रेषित पौलाला बंदिवान करून रोमेस नेत असतां त्याचें तारूं क्रेत बेटाच्या आडोशानें गेलें, आणि तीताला पौलानें मंडळ्यांची व्यवस्था लावण्यास त्याच बेटांत ठेविलें होतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या बेटांत, खानिया शहराजवळील मुर्निएस नांवाच्या खेड्यांत, २३ ऑगस्ट १८६४ रोजीं एलेफ्थेरिऑस व्हेनिझेलॉस ह्याचा जन्म झाला. ग्रीस देशाच्या अर्वाचीन मुत्सद्द्यांमध्यें त्याचें नांव सर्वांत मोठें आहे. त्याच्या चरित्रांत युद्धें पुष्कळ आलीं, पण आम्ही तें त्या युद्धांकरितां सांगत नाहीं. ग्रीक व तुर्क ह्या दोन शेजाऱ्यांचें काय झालें, आणि एका मनुष्यानें त्यांत काय बिघडविलें व काय सुधारिलें, हें त्यावरून स्पष्ट दिसतें, म्हणून सांगतों.

त्या वेळीं क्रेत बेट तुर्की सुलतानाच्या अमलाखालीं होतें. लोकवस्तीचे सुमारें तीन हिस्से ख्रिस्ती, ते प्राचीन ग्रीक मंडळीचे, आणि एक हिस्सा मुसलमान. मुसलमानांस सर्व जण तुर्क म्हणत. परंतु त्यांपैकीं बहुतेक त्याच बेटांतील जुन्या ख्रिस्ती कुळांचे वंशज होते. १६६९ सालीं तुर्कांनीं बेट पुरतें जिंकलें, त्या सुमारास व त्यापुढें त्यांच्या पूर्वजांनीं इस्लाम स्वीकारला. भाषा मात्र ग्रीकच राहिली. जैतुनाच्या बागा शेजारीं शेजारीं, बाजार एक, बोली एक. तरी एक ग्रीक व दुसरा तुर्क. धर्म बदलला म्हणून मनुष्य आपल्या मातीला परका होतो काय, हा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांस गांवच्या पारावर ऐकावा लागला असेल. क्रेत बेटांत त्या प्रश्नाचें उत्तर शस्त्रांनीं देण्यांत आलें.

व्हेनिझेलॉसाचा बाप किरियाकॉस हा व्यापारी होता. १८६६ सालीं क्रेतच्या ख्रिस्ती लोकांनीं सुलतानाविरुद्ध बंड केलें, तेव्हां त्याला कुटुंबासह बेट सोडून सिरॉस येथें जावें लागलें. दोन वर्षांचें लेकरूं असें निर्वासित झालें, व १८७२ पर्यंत त्याला जन्मभूमि अंतरली. पुढें अथेन्स येथें कायद्याचें अध्ययन करून त्यानें १८८७ त पदवी मिळविली, खानियांत वकिली मांडली, आणि १८८९ त तो बेटाच्या विधिमंडळांत निवडून आला. १८९१ त त्याचा विवाह झाला. तीनच वर्षांनीं दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणांत पत्नी मारिया वारली. तिच्या शोकांत राखलेली दाढी त्यानें जन्मभर ठेविली.

१८९७ च्या बंडांत तो अक्रोतिरीच्या डोंगरावर बंडवाल्यांच्या छावणींत होता. युरोपी सत्तांच्या लढाऊ जहाजांनीं त्या छावणीवर तोफा डागल्या. पुढील वर्षीं बेटाला स्वराज्य मिळालें व सुलतानाचा अंमल नांवापुरता उरला. व्हेनिझेलॉस नव्या राज्यांत न्यायमंत्री झाला. पण त्याच सुमारास हजारों मुसलमान आपलीं घरें व शेतें टाकून तुर्की मुलखाकडे निघून गेले. ख्रिस्ती लोकांच्या सुटकेच्या आनंदांत त्यांच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

१९१० सालीं अथेन्सहून बोलावणें आलें व तो ग्रीसचा मुख्य प्रधान झाला. १९१२ व १९१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीसनें थेस्सलनीका शहर, मासेदोनियाचा मोठा भाग व पुष्कळ बेटें मिळविलीं. १ डिसेंबर १९१३ रोजीं क्रेतवरहि ग्रीसचें निशाण चढलें. त्या काळीं ग्रीक लोकांच्या मनांत एक स्वप्न होतें, कीं जेथें जेथें आपले लोक राहतात ती सर्व भूमि एका राज्याखालीं यावी. व्हेनिझेलॉस त्या स्वप्नाचा कारभारी बनला. पहिल्या महायुद्धांत कोणाची बाजू घ्यावी ह्यावरून त्याचें व राजा कॉन्स्टंटाइन ह्याचें वांकडें आलें, आणि देशांत अशी फूट पडली कीं ती पुष्कळ वर्षें सांधली नाहीं.

त्या महायुद्धांत तुर्की राज्यांतील ग्रीकांवर हद्दपारीचे व कत्तलीचे प्रसंग आले होते. युद्ध संपल्यावर १५ मे १९१९ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या संमतीनें ग्रीक सैन्य स्मुर्णा येथें उतरलें. प्रकटीकरणांतील सात मंडळ्यांपैकीं एक जेथें होती तेंच हें शहर. पहिल्याच दिवशीं तेथें तुर्क लोकांची हत्या व लुटालूट झाली, आणि दोस्तांच्याच चौकशी मंडळानें तिचा ठपका ग्रीक सैन्यावर ठेविला. ही स्वारी व्हेनिझेलॉसाची मोठी चूक होती असें आम्हांस वाटतें. जेथें दोन लोक भिंतीला भिंत लावून राहतात, तेथें एकाचें राज्य आलें कीं दुसऱ्याच्या घरांत भय शिरतें. क्रेतमध्यें जन्मलेल्या मनुष्याला हें शिकविण्याची गरज नव्हती.

१९२० च्या ऑगस्टांत सेव्हर येथें तह होऊन स्मुर्णेचा कारभार ग्रीसकडे आला. दोनच दिवसांनीं पॅरिसच्या आगगाडीच्या स्टेशनावर दोन ग्रीक लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याच्यावर गोळ्या झाडिल्या, तो वांचला. नोव्हेंबरांत तो निवडणूक हरला व देश सोडून गेला. लढाई मात्र थांबली नाहीं. ९ सप्टेंबर १९२२ रोजीं मुस्तफा केमाल पाशाचें सैन्य स्मुर्णेंत शिरलें. तेथील ग्रीक मंडळीचा मुख्य धर्माध्यक्ष क्रिसोस्तोम जमावाच्या हातून मारला गेला. १३ तारखेस आग लागली आणि ग्रीक व आर्मेनियन लोकांचे मोहल्ले जळून खाक झाले. पाठीशीं आग व पुढें समुद्र अशा स्थितींत अगणित लोक दिवसेंदिवस धक्क्यावर उभे राहिले.

पराभूत देशानें पुन्हा व्हेनिझेलॉसालाच हांक मारिली. लोझान येथें तो तुर्कस्तानच्या इस्मत पाशासमोर बसला, आणि ३० जानेवारी १९२३ रोजीं करार झाला. तुर्कस्तानांतील ग्रीक मंडळीच्या लोकांनीं ग्रीसमध्यें जावें व ग्रीसमधील मुसलमानांनीं तुर्कस्तानांत जावें असें ठरलें. इस्तंबूलचे ग्रीक व पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळण्यांत आले. राजीखुशीचा प्रश्न नव्हता व परत येण्याची मोकळीक नव्हती. सुमारें १२ लक्ष ख्रिस्ती ह्या करारांत आले. त्यांतील बहुतेक आधींच जीव घेऊन पळाले होते. मुसलमान साडेतीन ते चार लक्षांच्या दरम्यान होते. निर्वासितांस हिवाळ्यांत छप्पर नव्हतें व जुन्या गांवीं परतणें शक्य नव्हतें. म्हणून हा कडू उपाय व्हेनिझेलॉसानें पत्करला.

वाचकहो, कोण कोणाचा हें कसें ठरविलें तें पाहा. भाषा विचारली नाहीं, केवळ धर्म विचारला. कप्पदुकियांत तुर्की बोलणारे ख्रिस्ती होते. ते तुर्की भाषा ग्रीक अक्षरांनीं लिहीत, व त्यांच्याकरितां पवित्र शास्त्रहि तसेंच छापलें जाई. त्यांना ग्रीक ठरवून ग्रीसमध्यें पाठविलें; तेथल्या लोकांनीं त्यांना तुर्काचें बीज म्हणून हिणविलें. क्रेतचे मुसलमान ग्रीकवांचून दुसरी भाषा क्वचितच जाणत. त्यांना तुर्क ठरवून आयवालिक वगैरे ठिकाणीं नेलें. तेथें ते अर्धे काफर ठरले. दोघांनींहि आपल्या मागें पूर्वजांचीं थडगीं सोडलीं, आणि नव्या घरीं कित्येक वर्षें परके म्हणूनच काढिलीं.

१९२८ त व्हेनिझेलॉस पुन्हा प्रधान झाला. तेव्हां त्याचें वय ६३ वर्षांचें होतें. स्वप्न स्मुर्णेच्या राखेंत गेलें होतें, आणि वैर धरून बसल्यास आणखी एक पिढी जाईल हें त्यानें ओळखिलें. जून १९३० त निर्वासितांच्या मालमत्तेचा हिशेब दोन्ही सरकारांनीं परस्पर मिटविला. त्यामुळें लाखों ग्रीक निर्वासितांची भरपाईची आशा बुडाली, आणि जे त्याचे कट्टर अनुयायी होते त्यांतीलच पुष्कळ लोक त्याच्यावर रुष्ट झाले. तरी ऑक्टोबरअखेर तो स्वतः अंकारा येथें मुस्तफा केमालाच्या भेटीस गेला, आणि ३० तारखेस मैत्रीचा तह झाला. लोझान येथें समोर बसलेला इस्मत पाशाच आतां तुर्कस्तानचा मुख्य प्रधान होता. पुढील वर्षीं तो अथेन्सला पाहुणा म्हणून आला. १९३४ त तर व्हेनिझेलॉसानें शांततेच्या नोबेल पारितोषिकाकरितां मुस्तफा केमालाचें नांव सुचविलें. बारा वर्षांपूर्वीं ह्याच पुरुषाच्या सैन्यानें ग्रीकांना समुद्रापर्यंत रेटलें होतें.

परक्या वैऱ्याशीं ज्यानें सख्य केलें त्याला घरच्या वैऱ्यांशीं सख्य साधलें नाहीं. १९३३ त त्याच्यावर पुन्हा गोळीबार झाला व त्यांत त्याची दुसरी पत्नी हेलेना जखमी झाली. १९३५ त त्याच्या पक्षाचें बंड फसलें, आणि तो परदेशीं गेला. १८ मार्च १९३६ रोजीं पॅरिस येथें तो मरण पावला. दंग्याच्या भयानें त्याचें शव अथेन्सला न आणितां थेट क्रेतला नेलें, व अक्रोतिरीच्या डोंगरावर पुरलें.

त्या तहाला फळ आलें नाहीं असें नाहीं. १९४१ च्या हिवाळ्यांत जर्मन अमलाखालीं ग्रीस उपाशी मरत असतां तुर्कस्तानांतून कुर्तुलुश नांवाचें जहाज धान्य घेऊन आलें. परंतु मूळ जखम भरली नाहीं. सप्टेंबर १९५५ त इस्तंबूलच्या ग्रीकांचीं दुकानें व मंदिरें जमावानें फोडिलीं. १९६४ त हजारोंना घालवून दिलें. १९७४ त सायप्रस बेट दुभंगलें. ज्या शहरांत १९२३ नंतरहि एक लक्षाहून अधिक ग्रीक होते, तेथें आज कांहीं हजारच उरले आहेत. १९९९ त आधीं तुर्कस्तानांत व मग अथेन्सजवळ भूकंप झाला, तेव्हां मात्र दोन्ही देशांचीं मदतपथकें एकमेकांच्या ढिगाऱ्यांत माणसें शोधावयास धांवलीं. ढिगाऱ्याखालच्या मनुष्यास त्यांनीं धर्म विचारला नाहीं.

खानियाच्या बंदरावर एक जुनी मशीद अजून उभी आहे, पण तींत नमाज पढणारे १९२३ च्या करारानें गेले ते गेलेच. व्हेनिझेलॉसाच्या चरित्रावरून आम्हांस हें दिसतें, कीं दोन सरकारांचा समेट एका तहानें होतो, परंतु उठवून लाविलेला शेजारी तहानें परत येत नाहीं. वैऱ्याच्या दारीं जाण्याचें धैर्य त्याला होतें, हा त्याचा मोठेपणा. तो गेला तेव्हां दोहों बाजूंचीं घरें रिकामीं झालीं होतीं, हें त्याचें व त्याच्या लोकांचें दुःख. आपल्या गांवांत ज्याच्याशीं आपली पंगत नाहीं, पण ज्याची बोली व माती तीच आहे, त्याच्या दारीं जावयाचें असेल, तर तें घर भरलेलें आहे तोंवरच गेलें पाहिजे.