फिट्झरॉय स्क्वेअरचा समीक्षक

मागच्या वर्षी आमच्या मित्रमंडळींनी लंडनमध्ये मराठी नाटक बसवलं. मागच्या रांगांना निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत. पण दिग्दर्शक जवळचा मित्र, त्यामुळे मंडळाच्या अंकात मी प्रयोग रंगला असं लिहून मोकळा झालो. नंतर मागे बसलेल्या एका काकूंनी फोन करून विचारलं, तू नक्की कुठल्या प्रयोगाला होतास रे? काय बोलणार!

माझ्या ऑफिसजवळ फिट्झरॉय स्क्वेअर आहे. तिथल्या २९ नंबरच्या घरावर जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावाची पाटी आहे. आपल्याला शॉ माहीत असतो तो पुलंच्या 'ती फुलराणी'मुळे. पण या घरात राहत असताना तो पोटासाठी परीक्षणं लिहायचा.

जन्म १८५६चा, डब्लिनमधला. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई गाणारी. विशीत तो लंडनला आईकडे आला. पाच कादंबऱ्या लिहिल्या, प्रकाशकांकडून परत आल्या. मग दिवसभर मुक्काम ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. तिथे विल्यम आर्चर या समीक्षकाला तो दिसला. समोर मार्क्सचा ग्रंथ आणि वाग्नरच्या ऑपेराची स्वरलिपी, दोन्ही एकदमच! आर्चरनेच त्याला काम मिळवून दिलं. १८८५पासून पुस्तकं, मग 'स्टार'मध्ये टोपणनावाने संगीत आणि १८९५पासून 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये नाटकं.

हेन्री अर्व्हिंग म्हणजे तेव्हाचा लंडनचा नटसम्राट. शेक्सपिअरची हवी तशी काटछाट करतो म्हणून शॉ त्याला झोडपायचा. गंमत म्हणजे शॉची स्वतःची एकांकिका तेव्हा अर्व्हिंगकडेच होती! तरी 'रिचर्ड द थर्ड'वर लिहिताना त्याने हात आखडला नाही. १८९७मध्ये अर्व्हिंगने एकांकिका करायला नकार दिला.

पुढच्याच वर्षी पायाच्या दुखण्याने शॉला हे काम सोडावं लागलं. नंतरची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे: १९२५चं नोबेल, १९५०मध्ये ९४व्या वर्षी निधन. मला मात्र ती परत आलेली एकांकिकाच जास्त आठवते.

यंदाच्या नाटकात दुसरा अंक रेंगाळला. मी तसंच लिहून दिलंय. दरवर्षी दिवाळीचा फराळ त्याच मित्राकडे असतो. बघू, आमंत्रण येतंय का!