शहांचे दुखणे

इराणचे शहा महंमद रझा पहलवी म्हटले की तेलाचा पैसा, १९७१ चा पर्सेपोलिसचा डोळे दिपवणारा सोहळा आणि मग क्रांती एवढेच आपल्याला आठवते. मला मात्र त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध त्यांच्या पाणथरीभोवती फिरताना दिसतो.

जन्म १९१९ चा, गादी १९४१ मध्ये मिळाली. १९७४ च्या वसंतात, किश बेटावर असताना, डाव्या बरगडीखाली सूज हाताला लागली. पाणथरी वाढली होती. १ मे रोजी ज्यां बेर्नार व जॉर्ज फ्लांद्रँ हे फ्रेंच रक्तविकारतज्ज्ञ गुपचूप तेहरानला आले. निदान झाले ते लसिकापेशींच्या मंद कर्करोगाचे. असा रोगी वर्षानुवर्षे हिंडतो-फिरतो. म्हणूनच तो लपवणेही सोपे जाते. राणी फराह यांना १९७७ पर्यंत पत्ता नव्हता. क्लोरँब्युसिलच्या गोळ्या दुसऱ्याच औषधाच्या बाटलीत ठेवत. बिचाऱ्या सेवकाने बाटलीवरचे नाव वाचून खरोखरच ते औषध आणले, आणि शहा काही काळ भलत्याच गोळ्या घेत राहिले!

या संथ रोगाच्या पोटात एक धोका असतो. थोड्या रोग्यांत पेशी जातच बदलतात. लहान पेशींच्या जागी मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी येतात आणि गाठी फुगतात. मॉरिस रिख्टर यांनी १९२८ मध्ये अमेरिकेत असा रोगी नोंदवला, म्हणून या पालटाला त्यांचे नाव आहे. शहांचेही तसेच झाले. जानेवारी १९७९ मध्ये देश सुटला. बहामा बेटांवर असताना मानेजवळ गाठ आली. तो आक्रमक लिम्फोमा होता.

गुप्ततेमुळे रोग पालटला असे मी म्हणणार नाही. पण मेक्सिकोत कावीळ झाली तेव्हा मलेरियाची शंका घेतली गेली, आणि न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. बेंजामिन कीन यांना पूर्वेतिहास पहिल्या भेटीत सांगितलाच नाही. २२ ऑक्टोबरला शहा उपचारांसाठी न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांना आश्रय दिल्याच्या रागातून ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

पुढे पनामा, मग इजिप्त. २८ मार्च १९८० रोजी मायकेल डिबेकी यांनी कैरोत पाणथरी काढली. वजन जवळजवळ दोन किलो भरले. नंतर पोटात पू झाला. २७ जुलैला, साठाव्या वर्षी, शहा वारले. अल्-रिफाई मशिदीत त्यांचे दफन झाले; त्यांचे वडील रझा शहा यांचा देहही पूर्वी काही वर्षे तेथेच ठेवलेला होता.