पंजाब का बेटा आणि आमचा सर्जा

काही वर्षांपूर्वी आमच्या बदलापूर गावात एका मालिकेचं शूटिंग झालं. शेजारच्या काकांचा सर्जा बैल त्यात गाडीला जुंपला होता. एकच फेरी बिचाऱ्याने भर उन्हात दहा-बारा वेळा मारली. तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा अर्धी आळी काकांच्या ओटीवर जमली. भाग संपला, नावं सरकू लागली. कपडेपटवाल्याचं आलं, चहावाल्याचंही आलं. काका चष्मा लावून शेवटपर्यंत बघत होते. सर्जाचं नाव काही आलं नाही. काकूंनी गुपचूप टीव्ही बंद केला.

मैत्रिणींनो, तेव्हा मला आठवली नादिया. आपल्या आजीच्या काळातली ‘हंटरवाली’.

तिचं मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. वडील ब्रिटिश फौजेत होते, आई ग्रीक. लहानपणीच ती मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले. पुढे काही वर्षं ती पेशावरकडे राहिली आणि तिथेच घोड्यावर मांड ठोकायला शिकली. मुंबईत परतल्यावर पोटासाठी काय काय केलं तिने! दुकानात विक्रेती झाली, नाच शिकली, सर्कशीतही काम केलं. पदरी एक मुलगाही होता. एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून तिने ‘नादिया’ हे नाव घेतलं.

परळला वाडिया बंधूंचा स्टुडिओ होता. पुढे शांतारामबापूंचं राजकमल झालं ना, तीच जागा. तिथे १९३५ साली होमी वाडियांनी तिला घेऊन ‘हंटरवाली’ काढला. राजकन्या तोंडावर मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि दुष्ट प्रधानाला वठणीवर आणते. बायकांनी पडद्यावर रडायचं, असा तो काळ. ही मात्र गच्चीवरून उड्या मारायची, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करायची, तेही स्वतः. लोक वेडे झाले.

आणि तिचा घोडा! त्याचं नाव ‘पंजाब का बेटा’. वाडियांच्या चित्रपटांत तो नुसतं वाहन नव्हता, नटमंडळींच्या बरोबरीचा कलाकार होता. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) तर मोटारीलाही नाव होतं, ‘रोल्सरॉईस की बेटी’. प्रेक्षक नादियाइतकीच घोड्याचीही वाट बघत. नाव ठाऊक असलं की जीव लागतोच ना!

सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. १९४२ च्या ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये तिने सिंहांबरोबर काम केलं. तेव्हा ना प्राण्यांसाठी आजच्यासारखे नियम होते, ना तिच्यासाठी. आता सिंह, वाघ, अस्वल, माकड यांचे खेळ करायला बंदी आहे. इतर प्राणी घ्यायचे तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. कुठल्याही प्राण्याला इजा झाली नाही, अशी पाटी चित्रपटाच्या सुरुवातीला येते. चांगलंच आहे. पण इजा झाली नाही तो प्राणी कोण, हे कुठे लिहितात? ‘हम आपके है कौन’मधला टफी आपल्या सगळ्यांना आठवतो. ते काम करणाऱ्या कुत्र्याचं खरं नाव कितीजणींना ठाऊक आहे?

नादियाचंही तेच झालं. १९६१ साली होमी वाडियांशी लग्न करून ती संसारात रमली आणि सिनेमाचा इतिहास लिहिणारे तिला विसरले. १९९३ मध्ये वाडियांच्याच घरातल्या एका तरुणाने तिच्यावर माहितीपट काढला, तेव्हा कुठे नव्या पिढीला ती कळली. ९ जानेवारी १९९६ ला, ८८ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती गेली.

राबणाऱ्याचं नाव गाळलं जाणं आपल्याला काही नवं नाही. दारावरच्या पाटीवर आपलं नाव लागायलाच किती वर्षं गेली! म्हणून हे दुखणं आपल्याला लवकर कळायला हवं. आमच्या गावात म्हणतात, पूर्वी इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. स्वार कोण कोण होते ते लोक सांगतात. घोड्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला काकूंनी सर्जाच्या झुलीवर लाल दोऱ्याने त्याचं नाव भरलं. चांगलं ठसठशीत, लांबून वाचता येईल असं.