विश्लेषण : गाडी ‘मिसिंग’ मारतेय? बर्था बेंझ यांनी १८८८ मध्ये काय केले?

जुनी कार ‘मिसिंग’ मारू लागली की मेकॅनिक आधी दोन गोष्टी बघतो : पेट्रोल नीट येतेय का आणि स्पार्क बरोबर पडतोय का. बर्था बेंझ यांनी हेच भर रस्त्यात केले होते.

बर्था यांचा जन्म १८४९ मध्ये जर्मनीतील फोर्त्सहाइमचा. लग्नाआधीच त्यांनी हुंड्याचा पैसा कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात घातला. कार्ल यांनी १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट घेतले, पण गिऱ्हाईक मिळेना. पैसा बुडण्याची वेळ आली होती.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था पतीला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून सुमारे १०० किलोमीटरवरील माहेरी निघाल्या. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिच्यावर मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. इंजिन तापू नये म्हणून जागोजागी पाणी भरले. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून कार्ल यांनी पुढे चढासाठी जादा गिअर दिला. या प्रवासाने मोटारीची चर्चा झाली आणि विक्रीला वाट मिळाली. १९४४ मध्ये बर्था यांचे निधन झाले.

आजही क्रम तोच. मिसिंग असेल तर प्लग, वायर, फ्युएल फिल्टर तपासा. हीटर गार हवा फेकत असेल तर आधी कूलंटची पातळी बघा, कारण हीटरला ऊब इंजिनच्या गरम पाण्यातूनच मिळते. मात्र झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा.