हरायचे किती, हे कोणी ठरवायचे?

माझा भाचा लंडनला नोकरी करतो. मागच्या दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने मला एक वही दाखवली. तिकडे फुटबॉलच्या सामन्यांवर पैज लावायला कायद्याची आडकाठी नाही. त्यासाठी त्याने काही रक्कम वेगळी काढली होती. एका सामन्यावर त्यातले दोन टक्केच लावायचे, हरलो तर भरपाईसाठी डाव वाढवायचा नाही, असे नियम पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होते. हा जुगार नव्हे, ही शिस्त आहे, असे त्याचे म्हणणे. मला मात्र वही वाचताना दोस्तोव्हस्की आठवला. ‘गुन्हा आणि शिक्षा’ लिहिणाऱ्या या थोर कादंबरीकारानेही असाच नियम केला होता.

फिओदोर दोस्तोव्हस्कीचा जन्म 1821 सालचा, मॉस्कोतला. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याने सैबेरियात चार वर्षे सक्तमजुरी भोगली. अशा माणसाला संयम कोणी शिकवायला नको. 1863 साली युरोपच्या प्रवासात तो जर्मनीतल्या वीसबाडेनला थांबला आणि रुलेटच्या टेबलावर दहा हजारांहून अधिक फ्रँक जिंकला. जिंकण्याचे गुपित आपल्याला गवसले आहे, डोके शांत ठेवायचे आणि भरीला पडायचे नाही, एवढेच ते आहे, असे त्याने पत्नीच्या बहिणीला कळवले. जिंकलेले निम्मे पैसे टेबलावर परत गेल्याची कबुलीही त्याच पत्रात होती! उरलेल्यांतले काही त्याने आजारी पत्नीसाठी पाठवले. पुढे बाडेन-बाडेनला तो बाकीचे सारे हरला आणि घरी धाडलेल्यांतलेच थोडे परत मागवण्याची पाळी त्याच्यावर आली.

त्याचे गुपित अगदीच खोटे होते असे नाही. थोडेथोडे लावणारा एका फटक्यात बुडत नाही. पण एका शून्याच्या रुलेटमध्ये घरे असतात 37. त्यांत लाल 18, काळी 18 आणि उरलेले एक शून्य मालकाच्या फायद्याचे. लालवर शंभर लावले की सरासरी पावणेतीनच्या आसपास त्याच्या गल्ल्यात जातात. सामन्यांच्या पैजा घेणाराही आपला वाटा भावातच धरून ठेवतो. पैज लावणाऱ्याचा अंदाज त्या भावापेक्षा सातत्याने सरस नसेल, तर शिस्तीने पैसे जास्त दिवस पुरतात, वाढत नाहीत.

1864 मध्ये पत्नी गेली, पाठोपाठ थोरला भाऊ मिखाईल गेला आणि भावाचे कर्ज दोस्तोव्हस्कीने आपल्या डोक्यावर घेतले. 1865 मध्ये एका प्रकाशकाकडून त्याने तीन हजार रूबल उचलले. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढच्या नऊ वर्षांचे लेखन प्रकाशकाला फुकट, अशी अट होती. मुदतीला महिना उरला असताना अ‍ॅना स्निटकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका कामाला आली. 26 दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी तिला सांगून लिहून झाली, आणि 1867 च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले.

त्याच उन्हाळ्यात ती दोघे बाडेन-बाडेनला होती. अ‍ॅनाला दिवस गेले होते. थैलीतली नाणी मोजून ती त्याच्या हातावर ठेवी. तो हरून येई आणि पुन्हा मागे. लग्नात त्यानेच दिलेला ब्रूच आणि कानांतले गहाण गेले, लग्नाच्या अंगठ्या गेल्या, कपडेही गेले. त्यांची पहिली मुलगी सोन्या 1868 मध्ये जिनिव्हात जन्मली आणि तीन महिन्यांची होऊन गेली.

1871 च्या एप्रिलमध्ये ती ड्रेस्डेनला राहत होती. घरात दीड वर्षाची मुलगी, अ‍ॅना पुन्हा गरोदर, हाताशी तीनशे थेलर. नवरा उदास आहे, लेखन अडले आहे, हे पाहून अ‍ॅनाने हिशेब केला. शंभर गेले तरी घर चालेल. आपणहून तेवढे देऊन तिने त्याला वीसबाडेनला पाठवले. तो ते हरला, परतीच्या भाड्यासाठी मागवलेलेही हरला. मग त्याने तिला पत्रातून शपथपूर्वक शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला. जर्मनीतली जुगारघरे 1872 अखेर कायद्याने बंद झाली, त्याचीही मदत झालीच असेल.

रशियात परतल्यावर देणेकऱ्यांशी बोलणी अ‍ॅनाने आपल्याकडे घेतली. 1873 मध्ये नवऱ्याची कादंबरी स्वतः छापून घरातूनच विकायला सुरुवात केली. कर्ज फिटले ते 1881 मधल्या त्याच्या मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी.

दोस्तोव्हस्कीचा नियम टेबलावर बसून पाळायचा होता, म्हणजे ज्याला मोह होणार त्यानेच. अ‍ॅनाचा आकडा मात्र घरात, भाडे आणि मुलीचे दूध मोजून ठरला होता. शंभर वजा जाता घरात काय उरते, हे तिला ठाऊक होते.

भाच्याला मी एवढेच विचारले, की ही वेगळी काढलेली रक्कम बायकोला ठाऊक आहे का? तो काही बोलला नाही. जाताना वही बॅगेत टाकू लागला, तेव्हा नियमांचे पान उघडून मी त्याला सर्वांत वर थोडी जागा दाखवली. तिथे बायकोच्या हातून आकडा लिहून घे, म्हटले. तो शून्य निघाला तरी.